दुसरी प्रत जागी आहे काय?

जुन्या व्यापारी पेढीत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या शेजारी शेजारी असत. दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकिर्दीत उतरावयाचा आणि मग तोच खातेवार खतावणीत मांडावयाचा, असा शिरस्ता होता. एका वहीस वाळवी लागली तरी दुसरीवरून बराचसा हिशेब पुन्हा उभा करता येई. परंतु या व्यवस्थेचे खरे मर्म वह्यांच्या संख्येत नव्हते. मुनीम दोन्ही वह्या रोज उघडीत असे. त्यामुळे एखादीस काही इजा झाली तर ती लगोलग त्याच्या दृष्टीस पडे.

आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील कचेऱ्यांत त्या वह्यांची जागा सर्व्हरमधील डिस्कने घेतली आहे. डिस्क हे फिरते यंत्र असो वा न फिरणारे, केव्हा ना केव्हा बंद पडावयाचेच. म्हणून दोन डिस्क जोडीने बसवितात. एकीवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही उमटते. यास मिररिंग म्हणतात. १९८८ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्कांचा समूह बांधण्याची ‘रेड’ नामक पद्धती वर्गवारी लावून मांडली. तीत या जोडीला पहिली पायरी दिलेली आहे.

या जोडीचा गुण तोच तिचा दोष होय. एक डिस्क मेली तरी काम तसूभरही अडत नाही. बिले निघतात, पगारपत्रके छापली जातात, आणि कोणास काही कळत नाही. यंत्रावरील लाल दिवा कपाटाच्या दाराआड लुकलुकत राहतो. इशाऱ्याचे पत्र नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावे जात राहते. त्या दिवसापासून पेढीची सर्व मदार एकाच डिस्कवर असते, मालक मात्र दोन आहेत अशा समजुतीत निश्चिंत असतो. शिवाय एकाच दिवशी घेतलेल्या जोडीचे वयही सारखेच असते. आणि नवी डिस्क बसवून तिच्यावर सर्व मजकूर उतरविताना उरलेल्या जुन्या डिस्कवर ताण पडतो तो वेगळाच.

ही गोष्ट केवळ लहान पेढ्यांची नव्हे. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. मुख्य केंद्रातील नोंदींची प्रत त्याच क्षणी जवळच्या दुसऱ्या केंद्रात उमटावी, अशी तेथील योजना होती. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे दूरसंचार दुवे त्यासाठी घेतलेले होते. परंतु त्या दिवशी दोन्ही डळमळले. दुवा तुटला तरी मुख्य केंद्राचे काम चालू राहावे अशी अपेक्षा असताना तेथील साठवण-यंत्रणाच सर्व्हरांना मिळेनाशी झाली आणि जोखीम-नियंत्रणाची व्यवस्था बंद पडली. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचार वाजता, आणि त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालले. मधल्या काळात बाजार उघडणार की नाही याची खात्री नसल्याने काही दलालांनी ग्राहकांचे उभे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटविले. त्यांत कित्येकांस तोटा सोसावा लागला. चेन्नई येथे दूरचे पर्यायी केंद्र असूनही काम तिकडे नेले गेले नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये सेबीने असा दंडक घातला की, महत्त्वाची यंत्रणा खंडित झाल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करावे. प्रत असणे आणि ती वेळेवर हाती येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हाच या दंडकाचा अर्थ.

मग राखण कशी करावी? प्रथम, जोडीच्या प्रकृतीची चौकशी यंत्राने दररोज करावी आणि इशारा किमान दोन जबाबदार माणसांच्या फोनवर पोहोचावा. इशारा खरोखर पोहोचतो की नाही, हेही मधून मधून पाहावे. कारण बंद पडलेला पहारेकरी आणि सुरक्षित घर या दोहोंची शांतता सारखीच असते. दुसरे, ठराविक काळाने दोन्ही डिस्कांवरील मजकूर सबंध वाचून ताडून पाहावा. डिस्कच्या स्वतःच्या सूचनांवर सर्वस्वी विसंबू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली दाखविले की निकामी झालेल्या डिस्कांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी आधी काहीच सूचना दिली नव्हती. तिसरे, बदलीची डिस्क कपाटात तयार असावी.

परंतु आरशाची मर्यादाही ओळखावयास हवी. चुकून पुसलेली नोंद आरशातही त्याच क्षणी पुसली जाते. आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ज्यांनी तळमजल्यातून पाणी उपसले त्यांना हे सांगावयास नको की एकाच पेटीतील दोन डिस्क एकदमच बुडतात. म्हणून तिसरी प्रत निराळ्या जागी, शक्यतो निराळ्या गावी असावी. कंपन्यांच्या हिशेबाबाबत तर कायद्यानेच हे बंधन घातले आहे: विद्युत-स्वरूपातील हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवली पाहिजे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती दररोज घेतली पाहिजे. त्या प्रतीवरून काही नोंदी अधूनमधून प्रत्यक्ष परत काढून पाहिल्या, तरच ती प्रत म्हणावयाची.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजन करण्याचा प्रघात अनेक पेढ्यांनी आजही राखला आहे. हळदकुंकू वाहण्यापूर्वी मालकाने आपल्या माणसास एकच प्रश्न विचारावा: दुसरी डिस्क आज चालू आहे, हे शेवटचे कोणी आणि केव्हा पाहिले? उत्तरात माणसाचे नाव आणि तारीख मिळाली, तर पेढीचे दप्तर सुरक्षित हातांत आहे. उत्तर ‘पाहिलेच असेल’ असे आले, तर पूजेनंतरचे पहिले काम कोणते ते निराळे सांगावयास नको.