घरच्या शेतीची न मांडलेली मजुरी

(मोरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘आम्ही हालअपेष्टांत वाढलो म्हणून घडलो’, असे माझ्या पिढीतील माणसे जाहीर सभांतून मोठ्या अभिमानाने सांगतात. गरिबीचे हे गोडवे मला मान्य नाहीत. गरिबीतून जे तरले ते व्यासपीठावर येऊन बोलतात; जे बुडाले त्यांना कुणी बोलावीत नाही. म्हणून आज मी बालपणीच्या आठवणी सांगण्याऐवजी बालपणीचा हिशेब मांडणार आहे.

आमचे शेत खारीतले. २०२४ साली अटल सेतू खुला झाला, त्यावरून प्रथमच इकडे आलेल्या तरुण साथींना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरच दिसले असतील. त्यांच्यासाठी थोडे सांगते. खारीचे शेत निसर्गाने दिलेले नसते. खाडीच्या तोंडाशी चिखलाचा बांध घालून, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला समुद्र अडविणारी उघाडी बसवून, माणसाने ते समुद्राच्या हातून सोडवून घेतलेले असते. आणि समुद्र आपला हक्क कधी विसरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर कुणीतरी उभे राहावेच लागते. खेकडा बांधाला बीळ पाडतो. ते वेळीच बुजविले नाही तर पाणी वाट काढते, वाट रुंदावते आणि बांधाला खांड पडते. एकदा खारे पाणी आत शिरले की त्या वर्षीचे भात जातेच. शिवाय जमिनीतले मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात. बिळे शोधून बुजविण्याचे हे काम मुलांचे. त्याला कुणी काम म्हणत नसे. ‘पोरे बांधावर खेळायला गेली आहेत’, असे म्हणत.

१९६५-६६ ची गोष्ट. देशभर अवर्षण, धान्याची टंचाई. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. आमच्या घरी मात्र संकट काही दिल्लीहून आले नव्हते, ते आधीपासूनच वस्तीला होते. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक झाला, ही फार मोठी गोष्ट घडली. तिचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु मालकीची किंमत हप्त्यांनी भरावयाची होती. वडील कागदावर मालक होते आणि हप्त्यासाठी दर वर्षी कर्जदार होत होते. त्यावर खावटी. आषाढात घरातले भात संपले की व्यापाऱ्याकडून एक मण भात दिढीने आणायचे आणि कार्तिकात दीड मण घालायचे. चार-पाच महिन्यांत पन्नास टक्के! शिवाय पैशांसाठी आपण विकतो तेव्हा भाव पडलेला आणि विकत घेतो तेव्हा चढलेला. हिशेब असा की, भात पिकविणाऱ्या घरातले भात खळ्यावरूनच वाटेला लागे, आणि रेशनवर मिळणारा अमेरिकेचा मिलो आमच्या ताटात येई. तो तांबडा मिलो ज्यांनी खाल्ला आहे त्यांना त्याचे वर्णन नको. ज्यांनी खाल्लेला नाही त्यांना ते करून उपयोग नाही.

त्यातच आमच्या बांधाला खांड पडली. उन्हाळ्यात आईवडील दोघेही मिठागरावर मीठ ओढायला जाऊ लागली. पावसाळ्यात आई शेंगा-भाजीची पाटी घेऊन मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर जाई, ती दिवेलागणीला परते. मग घर कुणी चालविले? माझ्या थोरल्या बहिणीने. ती तेव्हा बारा वर्षांची होती. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली. पाणी, सरपण, पेज, पाठीवरचा धाकटा भाऊ आणि उधाणाचा बांध, हे सारे तिच्याकडे आले. मी दोन वर्षांनी लहान, म्हणून माझी शाळा टिकली. पुढे मी शिक्षिका झाले. माझी बुद्धी तिच्याहून अधिक होती असे मला आजही वाटत नाही.

अलेक्झांडर चायानोव्ह नावाचे एक रशियन अर्थशास्त्रज्ञ होते. स्टालिनच्या राजवटीत १९३७ साली त्यांना गोळी घालण्यात आली. (आपल्या चळवळीने या गोष्टीही लक्षात ठेवाव्यात.) शेतकरी कुटुंब भांडवलदाराप्रमाणे नफा-तोटा पाहून शेती सोडीत नाही, खाणारी तोंडे आणि कष्टणारे हात यांचा मेळ बसेना की ते स्वतःलाच अधिक राबविते, असे त्यांनी दाखवून दिले. पण ‘स्वतःला’ म्हणजे नेमके कुणाला, हा प्रश्न उरतोच. घरातला बाप काही स्वतःच्याच अंगावर सारा भार घेत नाही. तो भार उतरत उतरत सर्वांत लहान आणि सर्वांत गप्प असणाऱ्या माणसाकडे जातो. ते माणूस बहुधा मुलगी असते.

माझ्या आजीच्या काळी हेच झाले होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव दोन-तीन वर्षांत निम्म्यावर आले. खोताचा वाटा मात्र उतरला नाही. त्यातून अलिबाग तालुक्यात चरीचा संप उभा राहिला. २७ ऑक्टोबर १९३३ ला ठराव झाला आणि १९३९ पर्यंत कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटलांचे नाव आपण आदराने घेतो, ते घेतलेच पाहिजे. पण सहा वर्षे पीक नसताना चुली पेटल्या कशा? रानातला लाकूडफाटा, खाडीतली मासळी, मिळेल ती मजुरी यांवर. डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या बायकापोरांचे नाव संपाच्या इतिहासात शोधावे लागते.

आज सरकार हमीभाव ठरविताना उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी धरते. ती किती आणि कोणत्या दराने, यावर आपण भांडतोच. पण २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा शाळेनंतर व सुट्टीत कुटुंबाच्या व्यवसायाला मदत करणाऱ्या मुलांना बंदीतून वगळण्यात आले, याची आपण पुरेशी दखल घेतली नाही. ‘मदत’ हा शब्द ऐकला की मला ‘खेळायला गेली आहेत’ हे शब्द आठवतात.

आता मूळ मुद्द्यावर येते. १९७० पासून या भागातील जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. त्याविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पदरात पडले. ते मोजले गेले सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर आणि सातबाऱ्यावरच्या नावांवर. मुलींच्या हक्काचा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली केला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील शंकाही दूर केल्या. तरी घरोघरी आजही काय चालते? जमिनीला भाव आला की बहिणीला जेवायला बोलावतात, साडी नेसवतात आणि हक्कसोडपत्र पुढे करतात. ती सही करते. अज्ञानामुळे नव्हे, सही केली नाही तर माहेर तुटते हे तिला पक्के ठाऊक असते म्हणून. आमच्या घरीही तो कागद आला. माझी बहीण म्हणाली, “माझं नाव राहू दे.” एवढेच म्हणाली. त्यानंतर तीन वर्षे तिला भाऊबीजेचे बोलावणे आले नाही.

आपले कार्यकर्ते वारसनोंदीसाठी, फेरफारासाठी लोकांना मदत करतात. लोक त्यांच्याकडे विश्वासाने येतात, म्हणजे भाऊ येतात. कित्येक हक्कसोडपत्रांवर साक्षीदार म्हणून आपल्याच साथींच्या सह्या आहेत. माझी सूचना साधी आहे. असा कागद घेऊन कुणी आले, तर साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी त्या बहिणीच्या सासरी जावे, भाऊ नसताना तिच्याशी बोलावे, लहानपणी त्या शेतात तिने कोणकोणती कामे केली ते विचारून लिहून घ्यावे, आणि तो कागद भावापुढे ठेवून मग हिश्श्याची बोलणी सुरू करावीत. यावर साथींचे आक्षेप असतील. ते आता ऐकायची माझी तयारी आहे.