पॅच आला होता, लावायचा कोणी?



27 जून 2017 रोजी न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. गेटवे टर्मिनल्स इंडिया हे त्याचे नाव. ते चालवते डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे, कोणता कोणत्या जहाजावर चढवायचा, याचा हिशेब संगणकात होता. तो गेला तसे काम हातांवर आले आणि ट्रक खोळंबले. मुळात हल्ला युक्रेनवर होता. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ हा वर्म सुटला, मर्स्कच्या जाळ्यात शिरला आणि रायगड जिल्ह्यापर्यंत पोचला.

वर्म म्हणजे स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम. कुणी फसवी ईमेल उघडावी, चुकीच्या जागी क्लिक करावे, याची त्याला गरज नसते. एका यंत्रात शिरला की तिथूनच तो शेजारची यंत्रे चाचपू लागतो. नॉटपेट्याने वापरलेली विंडोजमधली फट बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिला होता. 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच फटीतून शिरून ब्रिटनमधल्या इस्पितळांना रुग्ण परत पाठवायला लावले. एवढे जगाने पाहिले, आणि तरी जूनमध्ये फट उघडी असलेली यंत्रे शिल्लक होतीच.

हे काही पहिल्यांदा घडले नव्हते. 25 जानेवारी 2003 चा ‘स्लॅमर’ हा वर्म अवघ्या 376 बाइटांचा होता. युनिकोड देवनागरीत एवढ्या जागेत जेमतेम सव्वाशे अक्षरचिन्हे मावतात. पहिल्या मिनिटात त्याची बाधा दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होती. बाधा होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे नव्वद टक्के दहा मिनिटांत त्याने गाठली. पॅच जुलै 2002 मध्येच आला होता. सहा महिने हातात होते. पण तो लावणे किचकट होते. शिवाय स्लॅमर ज्यातून शिरत होता ते मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस इंजिन इतर अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात बसवलेले असे, त्यामुळे आपल्या यंत्रात ते आहे हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. खुद्द मायक्रोसॉफ्टचीही काही यंत्रे सापडली. अमेरिकेत ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात एका कंत्राटदाराच्या जोडणीतून तो आत गेला आणि सुरक्षेची माहिती दाखवणारी यंत्रणा तासन् तास बंद राहिली. अणुभट्टी तेव्हा आधीपासूनच बंद होती, हे नशीब.

स्लॅमरची बाधा झालेले प्रत्येक यंत्र पुढे इतरांवर हल्ला करत होते. म्हणून पॅच लावायला केलेला उशीर हा आपल्या संस्थेचा खासगी मामला राहत नाही. साकोलीच्या एखाद्या महाविद्यालयातला सर्व्हर उघडा राहिला, तर तुमसरच्या, नागपूरच्या, कुठल्याही अनोळखी माणसाच्या यंत्राला त्याचा उपद्रव होतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याची जबाबदारी त्या अनोळखी माणसापर्यंत जाते, असे मी मानतो.

पण सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याने ‘सर्व्हर तासभर बंद ठेवतो’ म्हटले की उत्तर मिळते, बाहेर रांग आहे, आज नको. व्हेंडर म्हणतो, अपडेट केलेत तर आमचे सॉफ्टवेअर चालेल याची हमी नाही. पॅच आधी तपासून पाहायला दुसरे यंत्र नसते. काही बिघडले तर बोलणी त्यालाच बसतात, आणि रविवारी रात्री जागून पॅच लावला तर कुणाला कळतही नाही. अधिकार, वेळ आणि जोडीला एक सुटे यंत्र न देता जबाबदारी फक्त त्याच्या गळ्यात घालणे मला अन्यायाचे वाटते.

देखभाल कुणी करायची, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या कसबाने बांधलेले मालगुजारी तलाव शेकडो वर्षे धानाला पाणी देत आले, कारण पाळ कुणी बघायची हे गावात ठरलेले असे. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी पद्धत, गेली, आणि ती जायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले. पण गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी दुरुस्त करायची, याचे उत्तर अनेक गावांत हरवले. कुठल्यातरी योजनेच्या पैशातून आलेल्या सर्व्हरचे आज तेच होते. खरेदीची फाइल सापडते, पण देखभालीचा धनी सापडत नाही.

कायदा आपल्या परीने पुढे सरकला आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशानुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते. वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो रिझर्व्ह बँकेचा 2018 चा आदेश. त्याने एटीएममधली कालबाह्य विंडोज बदलायला जून 2019 ची मुदत घातली, म्हणजे दुर्घटनेची वाट न पाहता देखभालीलाच तारीख लावली.

केवळ पॅचने सगळे भागत नाही, हेही सांगतो. नॉटपेट्या ॲडमिनचे पासवर्ड चोरून पॅच लावलेल्या यंत्रांतही शिरला. मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. नेटवर्कमधल्या सर्व खात्यांची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. एकच वाचला, घानातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. नेटवर्कपासून तोडून ठेवलेला बॅकअप असता तर लोडशेडिंगच्या कृपेवर राहावे लागले नसते.

तुमच्यापैकी बरेच जण पतसंस्थांचे सभासद आहेत, कुणी शाळेच्या संचालक मंडळात आहे, कुणाचा स्वतःचा दवाखाना आहे. पुढच्या आमसभेत ताळेबंदावर बोलून झाले की एवढे विचारा: आपल्या सर्व्हरला शेवटचा पॅच कोणत्या तारखेला लागला, आणि तो लावणाऱ्याचे नाव काय? मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.