मशीन मोजतं, डोळा ओळखतो: रक्ताच्या काचपट्टीविषयी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि आमच्याकडे विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचाराला येणारी बरीच मंडळी मला एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, मशीनचा रिपोर्ट मिनिटात येतो, मग परत काचेवर रक्त कशाला बघता?" आज त्याबद्दल बोलू.

मशीन पेशी मोजतं. समजा हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, तिन्ही कमी आले. घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधतं, 'ब्लड कॅन्सर' वाचतं, आणि घरात रडारड सुरू होते. पण हेच आकडे बी-१२ च्या कमतरतेतही येतात. एकात इंजेक्शनं पुरतात, दुसऱ्यात एकेक दिवस मोलाचा असतो. फरक कसा कळणार? काचपट्टीवर.

रक्ताचा छोटा थेंब काचेवर ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढायचा. जिभेच्या आकाराचा पातळ थर बनतो. वाळला की लीशमन स्टेन. मग बी-१२ कमी असेल तर लाल पेशी मोठ्या, अंडाकृती दिसतात, आणि न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला नेहमीच्या तीन-चारऐवजी सहा-सहा पाकळ्या असतात. ल्युकेमियात 'ब्लास्ट' म्हणजे अपक्व पेशी दिसतात. त्यातल्या एका प्रकारात, एपीएलमध्ये, रक्तस्राव कधीही सुरू होऊ शकतो; पण वेळेत ओळखला तर तो सगळ्यात चांगला बरा होणाऱ्यांपैकी एक. तिथं स्लाइड बघून लगेच वॉर्डात फोन करावा लागतो.

हे काम आपल्या महाराष्ट्रात जुनं आहे बरं का. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर बायकांना, त्यात गिरणी कामगार बायकाही आल्या, एक जीवघेणा रक्तक्षय व्हायचा, लाल पेशी मोठ्या झालेल्या. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटनं, तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्यातला घटक म्हणजे पुढं ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. आज गरोदरपणात गोळी मिळते, तिचं मूळ तिथं आहे.

रक्तावरून उलगडा झाला नाही तर बोन मॅरो. लोक घाबरतात, "मणक्यातून पाणी काढणार, पाय जातील." तसं नाही. कमरेच्या मागच्या हाडात, जागा बधिर करून सुई घालतात. मज्जा ओढताना क्षणभर कळ येते, ती सहन करावी लागते. पण मणक्याच्या नसांना हात लागत नाही. पेशींचा कारखाना बंद आहे, भरकटलाय, की नुसता कच्चा माल कमी आहे, ते तिथं कळतं. एकूण पेशींत ब्लास्ट २० टक्के किंवा जास्त असले की सहसा तीव्र ल्युकेमिया म्हणतात.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आकडे विचित्र आले तर 'पेरिफेरल स्मिअर' झालाय का, विचारा. दोन, नमुना घेण्याआधी स्वतःच्या मनानं बी-१२ ची इंजेक्शनं किंवा नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. चित्र बदलतं, आणि बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिकनं रक्त सुधारलं तरी नसांचं नुकसान चालूच राहतं. तीन, किनवट-माहूरकडच्या लॅबवाल्या मित्रांनो, नळीतलं रक्त तासन् तास एसटीत फिरलं की पेशींचे आकार बिघडतात. स्लाइड तिथंच ओढा, वाळवा, आणि नळीसोबत पाठवा.

प्रश्न असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.