दोन जिवांचा आहार
(ज्ञातिभगिनींच्या सभेतील भाषण)



गर्भिणीने दोघांचे जेवावे, ही शिकवण आपल्या घरांत प्रेमापोटीच दिली जाते. परंतु तिचा अर्थ दुप्पट भात व शिरा असा झाला, की तेच प्रेम अपायकारक ठरते. गरोदरपणी वारेतील संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. रक्तातील वाढलेली साखर गर्भास पोहोचते, मूल वाजवीपेक्षा मोठे होते व प्रसूती अवघड बनते. हा विकार बहुधा लक्षणांवाचून येतो.

भोईवाड्यातील आम्हांस १९२६ सालापासूनची वाडिया प्रसूतिगृह व के.ई.एम. ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी रक्त तपासावे. साखर दर डेसिलीटरला १४० मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास उपचार हवा. कमी भरली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासावी. उपचार म्हणजे उपास नव्हे. भाकरी, उसळ, पालेभाजी, मासळी बेताने व वेळेवर घ्यावी, जेवणानंतर थोडे चालावे. तेवढ्याने साखर न उतरल्यास डॉक्टर इन्सुलिन देतील. त्याचे भय नसावे.

सुनेची ओटी भरताना सासूबाईंनी तपासणीचा कागदही पाहावा, एवढीच आमची विनंती.