बहुमुख प्राणी



षडाननाची कथा ऐकलेले मूल वर्गात विचारते, “गुरुजी, अनेक तोंडांचा प्राणी खरोखरच असतो काय?” अशा वेळी केवळ एखादे शास्त्रीय नाव सांगून मोकळे होऊ नये. नावामागचा प्राणी पाहावा.

प्राणिशास्त्रात ‘पॉलिस्टोमा’ नावाचा एक चपटा कृमी आहे. ग्रीक भाषेत ‘पॉली’ म्हणजे अनेक व ‘स्टोमा’ म्हणजे मुख. हा कृमी बेडकाच्या मूत्राशयात राहतो. त्याच्या एका टोकास वाटीसारखे सहा अवयव असतात. प्रारंभीच्या निरीक्षकांनी ती मुखेच मानली व तसे नाव पडले. वस्तुतः ते चूषक होत. त्यांच्या साहाय्याने कृमी मूत्राशयाच्या भिंतीस चिकटून राहतो. अन्न घेणारे मुख एकच, आणि तेही दुसऱ्या टोकास! चूक उमगली, तरी नाव दोन शतकांहून अधिक काळ टिकून आहे.

याउलट समुद्रातील ‘रायझोस्टोमा’ हा जेलिफिश. त्याच्या नावाचा अर्थ ‘मुळासारखे मुख’ एवढाच. अनेकत्वाचा त्यात उल्लेख नाही. तथापि वाढ होताना त्याचे मधले मुख बुजते आणि मुखबाहूंवरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून अन्न आत जाते. बहुमुख म्हणावयाचा तो हाच.

नाव पाठ करवून घेणे सोपे असते. परंतु “अन्न कोठून आत जाते?” असे विचारून पाहण्याची सवय मुलास लागली, तर नाव त्याला फसवू शकणार नाही. विज्ञानाच्या तासाचे सार्थक त्यातच आहे.