संघाचे दार आणि चार्ली सिफर्ड



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी बोनस, महागाई किंवा संप यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी विषय कळविला तो गोल्फ खेळणाऱ्या एका माणसाच्या चरित्राचा. कामगारांमध्ये वावरणाऱ्या माणसाला हे साहेबी वेड कोठून लागले, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझे शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. गोल्फची काठी मी आयुष्यात हाती धरलेली नाही. परंतु ही गोष्ट खेळाची थोडी आणि संघटनेची फार आहे, म्हणून ती आपल्यापुढे ठेवावी असे मला वाटले.

गोल्फचा खेळ सांगावयास सोपा आहे. विस्तीर्ण कुरणात अठरा खळगे असतात. लहानसा पांढरा चेंडू काठीने टोलवीत एकेका खळग्यात घालावयाचा, आणि ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागून चालणारा पोऱ्या असतो, त्याला कॅडी म्हणतात. धनिकांच्या या खेळातले पुष्कळसे नामांकित खेळाडू या पिशवी वाहणाऱ्यांतून निघाले. आपल्या देशात १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हाही कॅडीचे काम करीतच वाढलेला.

चार्ली सिफर्ड हा असाच एक कॅडी. जन्म २ जून १९२२, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट या गावी. वर्णाने काळा, घरची परिस्थिती कामकऱ्याची. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तो पिशव्या वाहू लागला. दिवसाचे साठ सेंट मिळत. त्यांतले पन्नास आईच्या हातावर ठेवी आणि दहा सेंट स्वतःच्या सिगारसाठी राखी. ही सिगार पुढे जन्मभर त्याच्या तोंडात राहिली. तेरा वर्षांचा असताना तो मुरलेल्या खेळाडूंच्या तोडीचा खेळ खेळत होता. पण ज्या मैदानावर ओझे वाहावयाचे त्या मैदानावर बरोबरीने खेळण्याचा हक्क त्याला नव्हता. सतराव्या वर्षी तो फिलाडेल्फियाला गेला, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात राहून आला, आणि १९४८ पासून गोल्फ हाच त्याचा धंदा झाला. पोटासाठी तो बिली एकस्टाइन या गायकाच्या पदरी राहिला, त्याला खेळ शिकविला, त्याची इतर कामेही केली.

धंदा म्हटला की धंद्याची संघटना आली. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फ खेळाडूंचा संघ १९१६ साली स्थापन झाला. त्याला तेथे पी. जी. ए. म्हणतात. मोठ्या बक्षिसांचे सामने या संघाच्या हाती, आणि क्लबातली शिकविण्याची नोकरी मिळावयाची तर संघाचे सभासदत्व फार उपयोगाचे. या संघाच्या नियमांत १९३४ पासून एक कलम होते: सभासद गोऱ्या वंशाचाच असला पाहिजे.

मित्रहो, या ठिकाणी थोडे थांबावे असे मला वाटते. हे कलम घालणारे कोण होते? ते क्लबांचे मालक नव्हते. ते स्वतः नोकर होते, क्लबात शिकवून आणि काठ्या दुरुस्त करून पोट भरणारे. एके काळी त्यांनाही क्लबच्या इमारतीत पाऊल टाकण्याची बंदी होती. १९२० साली ओहायोतील टोलेडो गावी अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा इन्व्हर्नेस क्लबने आपले दार या धंदेवाईक खेळाडूंना उघडले. त्यांना त्याचे इतके अप्रूप वाटले की वॉल्टर हेगन या नामवंत खेळाडूच्या पुढाकाराने त्यांनी त्या क्लबला एक भले मोठे उभे घड्याळ भेट दिले. ज्यांना दार उघडल्याची एवढी कृतज्ञता वाटली, त्यांच्याच संघाने चौदा वर्षांनी दुसऱ्यांसाठी दार लावून घेतले! जाच सोसलेला माणूस जाच करीत नाही, ही समजूत किती भोळी आहे ते यावरून दिसते.

काळ्या खेळाडूंनी आपले सामने वेगळे भरविले. त्यांतली राष्ट्रीय स्पर्धा सिफर्डने सहा वेळा जिंकली. १९५२ ते १९५६ अशी पाच वर्षे तर लागोपाठ. पण तेथील बक्षिसे अगदीच लहान. १९५२ साली फिनिक्स येथील मोठ्या स्पर्धेत त्याला व त्याच्या काही सोबत्यांना पात्रता फेरी खेळण्यापुरती परवानगी मिळाली. पहिल्याच खळग्याशी ते पोहोचले तो त्यात कोणी विष्ठा भरून ठेवलेली! खळगा बदलून मिळेपर्यंत ते तिष्ठत राहिले आणि मग पुढे खेळले.

या लढ्यात सिफर्ड एकटा नव्हता. बिल स्पिलर नावाचा एक खेळाडू होता. कॉलेजात शिकलेला, पण लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्टेशनावर हमाली करून राहिलेला. १९४८ साली पात्र ठरूनही त्याला व टेड ऱ्होड्सला रिचमंडच्या सामन्यात खेळू दिले नाही. त्यांनी दावा लावला. संघाने भेदभाव करणार नाही म्हणून आश्वासन दिले, दावा मिटला, आणि त्यानंतर सामन्यांना 'निमंत्रितांचे सामने' असे नाव पडू लागले. निमंत्रण कोणाला नाही हे सांगावयास नकोच. करारातली अशी पळवाट आम्ही कामगार मंडळी चांगली ओळखतो.

अखेरीस स्पिलरची तक्रार कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत गेली. त्यांनी संघाला बजावले की, हे कलम असेपर्यंत सार्वजनिक मैदानांवर तुमचे सामने होऊ देणार नाही. संघ म्हणाला, खाजगी मैदानांवर खेळू. मॉस्क म्हणाले, तेही होऊ देणार नाही. आणि इतर राज्यांच्या महाधिवक्त्यांनाही त्यांनी लिहिले. लॉस एंजेलिसला ठरलेली १९६२ ची मोठी स्पर्धा संघाने दुसऱ्या राज्यात हलविली. पण किती ठिकाणांहून पळणार? नोव्हेंबर १९६१ मध्ये ते कलम रद्द झाले. तोवर स्पिलर अठ्ठेचाळीस वर्षांचा होऊन गेला होता. ज्याने दार ठोठावले त्याला आत जाऊन काही मिळविण्याचे वय उरले नव्हते. अशी माणसे प्रत्येक चळवळीत असतात, आणि विजयाच्या मिरवणुकीत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

सिफर्डचेही वय चाळिशीला आले होते. त्याच १९६१ साली ग्रीन्सबरो येथे, आपल्याच राज्यात, पहिल्या दिवशी तो आघाडीवर होता. रात्री फोनवरून धमकी आली. दुसऱ्या दिवशी एक टोळके शिव्या देत मागून फिरत राहिले. तो खेळत राहिला आणि चौथा आला. १९६७ साली हार्टफर्डची स्पर्धा त्याने जिंकली. शेवटच्या दिवशी अठरा खळगे चौसष्ट टोल्यांत, वय पंचेचाळीस! १९६९ साली लॉस एंजेलिसची स्पर्धाही जिंकली. ऑगस्टा येथील प्रतिष्ठेच्या मास्टर्स स्पर्धेचे निमंत्रण मात्र त्याला कधीच आले नाही. तेथे पहिला काळा खेळाडू, ली एल्डर, खेळला तो १९७५ साली.

मान पुढे पुष्कळ मिळाला. २००४ साली गोल्फच्या जागतिक कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले, २०१४ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचे सर्वोच्च नागरी पदक मिळाले, टायगर वुड्सने आपल्या मुलाचे नाव चार्ली ठेवले. ३ फेब्रुवारी २०१५ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी तो वारला. पण पंचविशी ते चाळिशी ही खेळाडूच्या भर उमेदीची वर्षे कोणते पदक परत देणार?

आता ही गोष्ट मी आपल्या गावात का सांगितली? मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात पगार अधिक होता, आणि अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे मज्जाव होता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होतो म्हणून! १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मालकाशी भांडणारा कामगार शेजारच्या कामगाराला दाराबाहेर ठेवतो, तेव्हा ती एकजूट कसली, हा त्यामागचा सवाल होता.

आज तोच सवाल कंत्राटी कामगाराच्या रूपाने उभा आहे. आमच्या भागातील एका कारखान्यात कायम कामगारांची युनियन आहे. त्याच यंत्रावर, तेच काम करणारी कंत्राटी पोरे सभासद व्हावयास आली, तेव्हा सभेत आवाज उठला: यांना घेतले तर आपल्या वाट्याचे कमी होईल. मी उठून विचारले, तुमच्यापैकी निवृत्त होणाऱ्याच्या जागी गेल्या पाच वर्षांत कायम माणूस किती वेळा घेतला? उत्तर कोणालाच देता आले नाही. एकदाही नाही, हे सर्वांना ठाऊक होते. दार लावून बसणाऱ्यांची संख्याच दरसाल घटत होती. बाहेरच्यांची वाढत होती, आणि त्यांची मजुरी निम्म्याहून कमी होती. वाटा कमी होण्याचे खरे कारण दाराबाहेर उभे असलेले पोर नव्हते. ठराव त्या दिवशी झाला नाही. तो पुन्हा मांडला जाणार आहे.

गोल्फच्या संघाने आपले कलम चांगुलपणाने काढले नाही. कायद्याचा दट्ट्या बसला म्हणून काढले. आपण आपली कलमे, लिहिलेली आणि न लिहिलेली, कोणाच्या दट्ट्याची वाट न पाहता तपासावीत. आणि आपल्या दाराबाहेर जो उभा आहे त्याचे वय किती झाले, हेही एकदा विचारून घ्यावे.