वीज गेली, नोंद गेली

शेवगाव-पाथर्डीकडची पतसंस्था असो, दूध संघ असो की शाळेची संगणक खोली, भिंतीवर एक राउटर लुकलुकत असतोच. नेट बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याच्या नोंदींकडे, म्हणजे लॉगकडे, तर त्यानंतरही नाही.

राउटरच्या फायरवॉलला आपण नियम देतो: याला आत सोड, त्याला अडव. त्याच नियमात 'लिहून ठेव' असंही सांगता येतं. छोट्या ऑफिसांतून दिसणाऱ्या मायक्रोटिक राउटरमध्ये तर अशा नोंदीला आपण दिलेली खूणही जोडता येते. एक ओळ अशी असते: 'अडवलं', ईथर-वनमधून आत, टीसीपी, सिन (म्हणजे नवी जोडणी मागणारं पॅकेट); मग बाहेरचा पत्ता, बाण, आपला पत्ता आणि शेवटी पोर्ट 23. हे टेलनेटचं, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या सोयीचं, दार. 2016 साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं याच दारातून, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. दार ठोठावणारे अजून थांबलेले नाहीत, त्यामुळे अशा ओळी दिसल्या म्हणून घाबरू नका. नोंद ठेवायची ती खुद्द राउटरवर लॉगिन करू पाहणाऱ्यांची आणि आतून बाहेर जाणाऱ्या नव्या जोडण्यांची. आलं-गेलं प्रत्येक पॅकेट लिहायला लावलंत, तर बिचारा लिहीतच बसेल.

खरी अडचण पुढेच आहे. मायक्रोटिक सहसा शेवटच्या हजारभर ओळी मेमरीत ठेवतो, आणि वीज गेली की त्याही जातात. आपल्या जिल्ह्यात वीज जाते म्हणजे काय, हे मी सांगायला नको! यावर उपाय सिसलॉग. एरिक ऑलमन यांनी 1980च्या दशकात बर्कलीला सेंडमेल या मेल-प्रणालीसाठी तो लिहिला. ओळ तयार झाली की लगेच दुसऱ्या संगणकाकडे, बहुधा यूडीपीच्या 514 पोर्टवर, रवाना होते. तिकडे लिनक्स टाकलेला जुना संगणक चालतो, पण त्याला यूपीएस हवाच. यूडीपीत पोच मिळत नाही. तो संगणक बंद असला तर ओळ हरवते आणि राउटरला पत्ताही लागत नाही.

घड्याळाचंही तसंच. कित्येक स्वस्त राउटरांत घड्याळाला सेल नसतो. वीज आली की ते थेट 1970 साल दाखवतात. त्यात सिसलॉगच्या जुन्या पद्धतीत वर्ष लिहीतच नाहीत. म्हणून एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवण्याची सोय, चालू करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022च्या आदेशानुसार कंपन्या आणि सरकारी कार्यालयांनी लॉग 180 दिवस जपायचे आहेत, आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत.

आणखी एक. हल्ली एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तेव्हा सायबर पोलिसांकडे तक्रार देताना नुसता आयपी पत्ता देऊन भागत नाही. सोबत पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ लिहून द्या.